सिम्युलेटरवरचे अवघड ॲप्रोच आले कुठून

सिम्युलेटरवर इन्स्ट्रुमेंट ॲप्रोच, म्हणजे बाहेर न बघता फक्त काट्यांच्या भरवशावर रनवेकडे उतरत येणं, घोटवून घ्यायची पद्धत जेट विमानांच्याही आधीची आहे, आणि ती रुजली ती माणसं गेल्यामुळे. २४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने कॉकपिटवर झाकण ओढून टेकऑफ ते लँडिंग सगळं फक्त काटे बघून केलं, म्हणजे हे जमतं हे तेव्हाच कळलं होतं, पण बाकीच्या पायलटांना शिकवणार कोण? १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन सरकारने हवाई टपालाचं काम एअरलाइन्सकडून काढून आर्मी एअर कोअरला दिलं, ऐन हिवाळा, बर्फ, धुकं, इन्स्ट्रुमेंटची फारशी सवय नाही, काही महिन्यांत डझनभर जण गेले.

मग आर्मीने एड लिंककडून ६ ट्रेनर घेतले. वडिलांच्या पियानो-ऑर्गनच्या कारखान्यात तयार झालेला हा माणूस, त्याचं भात्यांवर हलणारं खोटं विमान तोवर करमणुकीच्या बागांमध्येच खपत होतं! पायलट आत झाकणाखाली बसायचा, बाहेर टेबलावर नकाशा, आणि त्यावर एक तीन चाकी यंत्र शाईने रेघ ओढत जायचं. बाहेर आल्यावर आपण कुठे भरकटलो ते कागदावरच दिसायचं. आजही सेशननंतर इन्स्ट्रक्टर ट्रॅक दाखवतो ना, तेच हे.

पुढे आयएलएस, म्हणजे रेडिओ लहरींनी विमानाला सरळ रनवेपर्यंत खाली आणणारी यंत्रणा, आलं आणि सरळ सपाट जागी काम सोपं झालं. अवघड राहिले ते डोंगरातले.

हाँगकाँगच्या काय ताक विमानतळावर रनवे १३ साठी १९७४ मध्ये जी यंत्रणा बसवली ती विमानाला रनवेवर नेतच नव्हती, नारिंगी-पांढरे चौकोन रंगवलेल्या टेकडीकडे न्यायची, तिथून रनवे बघून हाताने उजवीकडे ४७ अंश वळायचं, खाली दाट वस्ती. १९९८ ला विमानतळ बंद झाला, तरी सिमवर लोक तो आजही उडवतात. पण बहुतेक जण ते वळणच घोटतात, आणि खरा निर्णय त्याच्या आधीचा आहे: खुणा दिसल्या नाहीत तर मिस्ड ॲप्रोच, म्हणजे उतरणं सोडून परत वर, लगेच.

काठमांडू माझ्या मते त्याहून कठीण. तिथे पायऱ्या उतरल्यासारखं यायचं, प्रत्येक डीएमई अंतराला (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून मोजलेल्या) ठरलेली उंची. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये पीआयएची (पाकिस्तानची एअरलाइन) एअरबस एकेक पायरी आधीच उतरत गेली, १० मैलांवर ९५०० फूट हवे होते तर विमान ८२०० वर, आणि ते डोंगरावर आदळून १६७ जण गेले. काटे नीट चालत होते, विमानही ठीक होतं. म्हणून इथे पुढचं अंतर आणि उंची मोठ्याने बोलायची, दुसऱ्याने ती चार्टवर बघूनच होकार द्यायचा.

१९९६ मध्ये अलास्का एअरलाइन्सने अलास्कातल्या जुनोला आरएनपी ॲप्रोच सुरू केला, म्हणजे जीपीएसवर ठरलेल्या अरुंद वाटेने डोंगरांमधून वळत येणारा. सिमवर तो घेताना सगळं चालू ठेवून उतरण्यात फार काही शिकायला मिळत नाही, मध्येच एक इंजिन बंद करा आणि त्याच अरुंद वाटेने वर चढून बाहेर पडा.