फोनला तीळ ओळखायला कुणी शिकवलं?

तीळ साधा आहे की मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग, हे नुसतं बघून ताडण्याचे ठोकताळे स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचे आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये ए-बी-सी-डी हे सूत्र मांडलं: तिळाच्या दोन बाजू सारख्या नसणं, कडा वेड्यावाकड्या असणं, एकाहून जास्त रंग आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास. तीळ बदलतोय का, हा पाचवा प्रश्न २००४ मध्ये जोडला गेला. पहिल्या चारही गोष्टी कॅमेऱ्याला दिसतात. मग फोनमध्ये बरा कॅमेरा आल्यावर त्याचं ॲप कुणीतरी काढणारच होतं.

निघालीही, आणि दोन-पाच डॉलरला विकलीही गेली. फोटो काढा, तिळाची थोडी माहिती भरा, की ॲप सांगणार: धोका कमी, मध्यम की जास्त. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी चार ॲप १८८ फोटोंवर तपासली. त्या सगळ्या डागांचं निदान आधीच पक्कं झालेलं होतं. २०१३ मध्ये आलेला निकाल धडकी भरवणारा होता. चारपैकी तीन ॲपनी किमान ३० टक्के मेलॅनोमांना ‘काळजीचं कारण नाही’ म्हणून सोडून दिलं होतं. चौथं ॲप उत्तम निघालं, कारण ते फोटो थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवत होतं! पुढे २०१५ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने मेलॲप आणि मोल डिटेक्टिव्ह या दोन ॲपच्या विक्रेत्यांवर पुराव्याविना दावे केल्याबद्दल कारवाई केली.

चित्र पालटलं ते २०१७ मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत शोधनिबंध छापला. गंमत म्हणजे त्यांनी त्वचेसाठी शून्यापासून काही उभारलंच नव्हतं. कुत्री, मांजरं, गाड्या, भांडी अशी सुमारे १२.८ लाख चित्रं ओळखायला शिकलेलं गूगलचं तयार न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा प्रोग्राम, त्यांनी घेतलं आणि त्याला त्वचाविकारांचे १,२९,४५० फोटो दाखवून पुन्हा शिकवलं. बायोप्सीने खातरजमा झालेल्या फोटोंवर त्याची गाठ २१ त्वचारोगतज्ज्ञांशी घालून दिली, तेव्हा ते त्यांच्या तोडीस तोड ठरलं. २०२१ पर्यंत जगात ६.३ अब्ज स्मार्टफोन जोडण्या असतील, हा अंदाजही निबंधात होता. बातम्यांना आणखी काय हवं होतं?

पण वर्षभरातच स्टॅनफर्डच्याच मंडळींनी एक खोच सांगितली. डॉक्टरला डाग संशयास्पद वाटला की तो शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढतो. त्यामुळे कर्करोगाच्या फोटोंमध्ये मोजपट्ट्या जास्त, आणि नेटवर्कने तेवढं नेमकं हेरलं: पट्टी दिसली की धोका. २०१९ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी फोटोवरून मेलॅनोमा ओळखणाऱ्या, युरोपात मान्यता असलेल्या एका प्रणालीला निरुपद्रवी तीळ दाखवले, फक्त भोवती शस्त्रक्रियेआधी वापरतात त्या जांभळ्या शाईच्या खुणा होत्या. खुणा दिसताच प्रणाली त्यातल्या बऱ्याच तिळांना मेलॅनोमा म्हणू लागली. माझ्या मते या विषयातले सगळ्यात शहाणे प्रयोग हेच. मशीन आपण दाखवू ते शिकतं, आपल्या मनात असतं ते नाही.

आज हौशी डेव्हलपर किंवा इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असं ॲप करायला घेतात तेव्हा बहुतेकदा हॅम-१०००० हा २०१८ चा फोटोसंच उतरवून घेतात. व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड इथून गोळा केलेले त्यातले १०,०१५ फोटो डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचेला लावायच्या भिंगातून, काढलेले आहेत. बाथरूमच्या पिवळ्या उजेडात फोनने काढलेला फोटो त्यांच्यासारखा कसा दिसेल? शिवाय ६,७०५ फोटो साध्या तिळांचे आहेत. प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘साधा तीळ’ म्हणणारा प्रोग्रामही ६७ टक्के अचूक ठरतो. डाग तर प्रत्यक्षात ७,४७० च आहेत, काहींचे एकापेक्षा जास्त फोटो आहेत. तेव्हा शिकवायचे फोटो कुठले आणि परीक्षेचे कुठले ही वाटणी आंधळेपणाने केली, तर शिकवताना दाखवलेला डागच परीक्षेलाही येतो. ‘९५ टक्के अचूकता’ वाचली की मी आधी ही वाटणी कशी केली ते बघतो.

अशा संचांमधले फोटो मुख्यतः ऑस्ट्रेलिया, युरोप आणि अमेरिकेतून येतात, कारण गोऱ्या त्वचेला मेलॅनोमा जास्त होतो. आपला संबंध इथेच येतो. सर्वांना खुल्या असलेल्या २१ फोटोसंचांचा एक आढावा ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’ या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला. १,०६,९५० फोटोंपैकी फक्त २,४३६ फोटोंसोबत त्वचेच्या रंगाची नोंद होती. त्यात सावळ्या त्वचेचे १० आणि गडद सावळ्या किंवा काळ्या त्वचेचा १. वंशाची नोंद असलेल्या १,५८५ फोटोंमध्ये दक्षिण आशियाई माणसाचा एकही नाही. आपल्याकडे मेलॅनोमा कमी होतो हे खरं. पण सावळ्या-काळ्या त्वचेत होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. जमैकाचा गायक बॉब मार्ली याचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्यातच सुरू झाला होता. स्टॅनफर्डने २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या त्वचेचे ६५६ फोटो जमवून तेव्हाचे नावाजलेले अल्गोरिदम तपासले, तर गडद त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली.

जानेवारी २०२४ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने डर्मासेन्सर या एआय उपकरणाला परवानगी दिली. ते फोनचं ॲप नाही. त्वचेवर टेकवून प्रकाश कसा परततो ते मोजणारं हे हातातलं यंत्र आहे, आणि तेही त्वचारोगतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांनी वापरायचं, ४० वर्षं आणि त्यावरील रुग्णांसाठी. परवानगीसोबत कंपनीला एक अट घातली गेली: ज्या समाजगटांतले मेलॅनोमाचे रुग्ण आधीच्या चाचण्यांमध्ये फारसे नव्हते, त्यांच्यावर उपकरण विक्रीला आल्यानंतरही चाचण्या करायच्या.