इमारत स्वयंचलन प्रणाली : पासवर्डांचे स्थानिक हल्लेखोरापासून संरक्षण

वातानुकूलन, शीतगृहे, पंप, दिवे आणि जनित्र एकाच संगणकावरून चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला इमारत स्वयंचलन प्रणाली म्हणतात. कामावरची माणसे तिला बीएमएस म्हणतात. तिच्यात साठवलेले पासवर्ड त्याच संगणकापर्यंत आधीच पोचलेल्या माणसाच्या हाती लागू नयेत, यासाठी केलेली तजवीज हा या नोंदीचा विषय आहे. त्या यंत्रावर साधे खाते असलेला, रात्रपाळीत एकटा बसणारा किंवा डिस्क काढून नेऊ शकणारा, असा कोणीही स्थानिक हल्लेखोर ठरतो. बाहेरच्या जाळ्यावरून येणाऱ्यांना रोखणारी फायरवॉल त्याला अडवत नाही.

कोकण किनाऱ्यावर अशा प्रणाली अलिबाग ते तारकर्ली पट्ट्यातल्या मोठ्या हॉटेलांत, रत्नागिरीच्या आंबा-मासळीच्या शीतगृहांत आणि न्हावाशेवा बंदराभोवतीच्या गोदामांत उपयोगी पडतात. इथला धोका बराचसा हंगामाशी बांधलेला आहे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद, पर्यटक कमी, म्हणून कामगार कमी होतात आणि दिवाळीला नवे येतात. विंडोजचे खाते मात्र सगळ्या पाळ्यांना एकच असले, तर गेलेल्या माणसाचा प्रवेश कधी संपतच नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दिवेआगर भागात अनेक दिवस वीज नव्हती. अशा खंडानंतर यंत्रणा पुन्हा उभी करताना जो तंत्रज्ञ भेटेल त्याला प्रशासकाचे खाते उघडून देण्याचा मोह होतो, आणि ते नंतर बंद करायचे राहून जाते. नुकसान चोरीपुरते थांबत नाही. गोठवलेली मासळी उणे १८ अंशांवर ठेवावी लागते, तर हापूस १२-१३ अंशांच्या खाली गेला की थंडीने बिघडतो. एका खोलीचा आकडा बदलला तरी माल हातचा जातो.

मुळात पासवर्ड दोन जातींचे असतात आणि सगळी अडचण दुसऱ्या जातीत आहे. पहिला माणसाचा, सॉफ्टवेअरमध्ये शिरताना टाइप केलेला. तो जपून ठेवायची गरजच नसते. त्याला ‘सॉल्ट’ म्हणजे यादृच्छिक अक्षरे जोडून, बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ पद्धतीने काढलेला हॅश, म्हणजे गणिताने बनवलेला ठसा, ठेवला की पुरते. हॅशवरून मूळ शब्द थेट परत मिळत नाही, अंदाज लावत बसावे लागते. दुसरा पासवर्ड सॉफ्टवेअर स्वतः वापरते : डेटाबेसला, यंत्रे चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाला किंवा ईमेलच्या सर्व्हरला देण्यासाठी. तो मूळ रूपात परत मिळवावाच लागतो, म्हणून तिथे हॅश चालत नाही. मग निर्माते तो आयएनआय किंवा एक्सएमएलसारख्या साध्या मजकुराच्या फाइलीत सरळ लिहितात, नाहीतर कूटबद्ध करून त्याची किल्ली प्रोग्रॅममध्येच ठेवतात. हे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली तुळशीवृंदावनात ठेवण्यासारखे; शिवाय तीच किल्ली त्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीत असते, त्यामुळे एकाने शोधली की सगळ्यांची दारे उघडतात.

ट्रिडियम कंपनीच्या नायगारा या प्रसिद्ध इमारत स्वयंचलन प्रणालीतली पासवर्ड साठवणूक कच्ची असल्याचे औद्योगिक नियंत्रण यंत्रणांची सायबर सुरक्षा पाहणाऱ्या अमेरिकेच्या आयसीएस-सर्ट संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी सायलन्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी सिडनीतल्या गूगलच्या कार्यालयाच्या नायगारा यंत्रणेतून संरचना-फाइल (यंत्रणेची मांडणी नोंदवलेली फाइल) मिळवली, तिच्यातला पासवर्ड उलगडला आणि गूगलला कळवले. ते इंटरनेटवरून आले होते; पण फाइल हाती आल्यावर पासवर्डही येतो हा दोष दोन्ही वाटांना सारखाच. यंत्रापाशी बसलेल्याला तर फाइलीपर्यंतची खटपटही नको.

विंडोजवर दुसऱ्या जातीच्या पासवर्डासाठी डीपीएपीआय ही गुपिते कूटबद्ध करून ठेवणारी अंगभूत सोय विंडोज २००० पासून आहे. तिच्यात एक खाच आहे. ‘यंत्र’ पातळी निवडली तर त्या संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम गुपित उलगडू शकतो, म्हणजे स्थानिक हल्लेखोरापुरता उपयोग जवळजवळ शून्य. सेवा वेगळ्या, कमी अधिकारांच्या खात्याखाली चालवून त्या खात्याच्या पातळीवर गुपित बांधावे. ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरमधल्या फाइली साध्या वापरकर्त्यांना सहसा वाचता येतात, म्हणून तिथली परवानगी हाताने काढावी लागते. जुने बॅकअप, नोंदफाइली आणि ब्राउझरने ‘लक्षात ठेवलेले’ पासवर्ड यांकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते बॅकअपची पेनड्राइव्ह हीच सर्वांत दुर्लक्षित वस्तू. डिस्क कूटबद्ध केल्याने चोरीला गेलेला संगणक सुरक्षित राहतो, चालू संगणकावर बसलेला माणूस नाही. आणि ज्याच्याकडे प्रशासकाचे अधिकार आहेत, त्याच्यापुढे यांपैकी काहीच फार काळ टिकत नाही. म्हणून रोजच्या पाळीला ते अधिकार न देणे हेच पहिले काम.

एवढे करूनही बॅकनेटचा, म्हणजे संगणक आणि नियंत्रक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीचा, जुना प्रकार वापरात असेल तर पासवर्ड चोरण्याची गरजच उरत नाही. १९९५ मध्ये प्रमाणित झालेला हा प्रोटोकॉल आयपी जाळ्यावर साधारणतः यूडीपी ४७८०८ या पोर्टवरून चालतो, आणि सर्वसाधारण मांडणीत आदेश देणारा कोण हे विचारत नाही. टीएलएस ही संवाद कूटबद्ध करण्याची पद्धत वापरणारा बॅकनेट सिक्युअर कनेक्ट २०१९ मध्ये मंजूर झाला. जुने नियंत्रक तो बोलत नाहीत. त्यांचे जाळे हॉटेलच्या पाहुण्यांच्या वायफायपासून वेगळे ठेवावे लागते.

भारतात दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी अंतर्गत गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सगळ्या पाळ्या एकाच खात्यावर चालत असतील, तर त्या नोंदींत एकच नाव दिसते.