पाटी नाही म्हणून घर जळू दिलं?

‘जुन्या लंडनमध्ये दारावर विमा कंपनीची पाटी नसेल तर बंबवाले हाताची घडी घालून बघत बसायचे.’ खाजगीकरणावर वाद रंगला की ही गोष्ट कुणीतरी काढतंच.

पाट्या खऱ्या आहेत. १६६६च्या महाभयंकर आगीनंतर विमा कंपन्या निघाल्या आणि त्यांनी आपापले बंब ठेवले. सन फायर ऑफिस या विमा कंपनीची पाटी शिशाची, वर चेहरा असलेला सूर्य, खाली पॉलिसीचा नंबर. बंबावर थेम्समधले नावाडी, अंगात कंपनीचा भडक गणवेश. चालतीबोलती जाहिरातच ती!

पण बघत बसून कंपनीला मिळणार काय? आग शेजारच्या, विमा उतरवलेल्या घरात शिरली की भरपाई तिच्याच बोकांडी. शिवाय अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच कायदा झाला होता: पहिल्या पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. पाटी असो-नसो. त्यामुळे बंबवाले धावत सुटायचे.

१८३३मध्ये प्रमुख कंपन्यांनी मिळून एकच दल केलं. त्याचे प्रमुख जेम्स ब्रेडवूड १८६१मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत कोसळून गेले, तेव्हा अंत्ययात्रेला अख्खं लंडन लोटलं होतं.