ब्लॅकी आणि ब्लॅक स्ट्रॅट: दोन काळ्या गिटारींतला फरक

काळी बॉडी, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी, एकेका वेटोळ्याची चुंबकं), वाजवणारा इंग्रज, काळ 1970 चं दशक. एवढ्यावरून गिटार ओळखायला सांगितली तर कुणी एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ म्हणेल, कुणी डेव्हिड गिल्मरची ‘ब्लॅक स्ट्रॅट’. दोन्ही फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट. दोन्हींची खरेदी 1970 मध्ये अमेरिकेत झाली आणि पुढे दोन्ही न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात समाजकार्यासाठी विकल्या गेल्या. पण त्यांचा आवाज मिळवायला बसलात की रस्ते वेगळे होतात. ब्लॅकी एकदाच जुळवली गेली आणि मग झिजेपर्यंत वाजली. ब्लॅक स्ट्रॅट मात्र सतत उघडली गेली, कापली गेली, बदलली गेली. हे लक्षात न घेता भलत्याच गिटारीत भलते बदल करून लोक पैसे वाया घालवतात.

क्लॅप्टन क्रीम या बँडमध्ये असताना बहुतेक गिब्सन कंपनीच्या गिटारी वाजवायचा. स्ट्रॅटकडे तो नंतर वळला. 1970 मध्ये नॅशव्हिलच्या शो-बड या दुकानात त्याला 1950 च्या दशकातल्या जुन्या स्ट्रॅट अगदी स्वस्तात मिळाल्या. त्याने सहा घेतल्या. एक जॉर्ज हॅरिसनला, एक पीट टाउनशेंडला, एक स्टीव्ह विनवुडला दिली. उरलेल्या तिघींतून एकीची बॉडी, दुसरीची नेक (तारांखालची लांब मान), तिसरीचे पिकअप असे चांगले भाग निवडून जी गिटार तयार झाली ती ब्लॅकी. भाग 1956-57 च्या आसपासचे. म्हणजे ब्लॅकी नावाची अखंड गिटार कारखान्यातून कधी बाहेर पडलीच नव्हती. 13 जानेवारी 1973 ला लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ती रंगमंचावर आली आणि 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्याची मुख्य गिटार राहिली. नेक वाजवून वाजवून कडांना इतकी झिजली की पुन्हा फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायला लाकूडच पुरेसं उरलं नाही, म्हणून तिला निवृत्त करावं लागलं.

गिल्मरची हकिगत वेगळी. 1970 च्या दौऱ्यात न्यू ऑर्लिन्सला त्याच्या पिंक फ्लॉइड या बँडचं सामान चोरीला गेलं. परतताना न्यूयॉर्कच्या 48 व्या रस्त्यावरच्या मॅनीज या दुकानातून त्याने एक स्ट्रॅट घेतली. ही जुनी नव्हती. 1969 ची अल्डरची बॉडी, आणि काळ्या रंगाखाली सनबर्स्ट (कडेला गडद, मध्ये फिका रंग). फेंडरने आधीच्या रंगावरच काळा मारला होता. मेपलची नेक, वर त्या काळातला मोठा हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक). आज फेंडरच्या जुन्या गिटारींचे दर बघितले तर 1950 च्या दशकातलं लाकूड आणि 1969 चं लाकूड यांत जमीनअस्मानाचा फरक मानतात. गिल्मरने त्याच ‘नव्या’ गिटारीवर काय वाजवलं ते ऐकलं की या दरांकडे थोडं सबुरीने बघावंसं वाटतं.

आता फोटोवरून ओळख. आधी पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं पुढचं आवरण) बघा. काळा असेल तर गिल्मर. ब्लॅकीचा पिकगार्ड पांढरा. पण हा नियम 1974 पासूनचाच, कारण त्याआधी ब्लॅक स्ट्रॅटलाही पांढराच पिकगार्ड होता. इटलीतल्या पाँपेईच्या रिकाम्या प्रेक्षागारात ऑक्टोबर 1971 मध्ये झालेल्या पिंक फ्लॉइडच्या चित्रणात म्हणूनच गोंधळ होतो: काळी बॉडी, पांढरा पिकगार्ड, मेपलची नेक. तिथे हेडस्टॉक बघायचा. मोठा असेल तर गिल्मर, 1950 च्या दशकातला लहान असेल तर क्लॅप्टन. 1972 मध्ये गिल्मरने 1963 ची रोझवूडची नेक चढवली, त्यामुळे पुढची काही वर्षं फिंगरबोर्ड गडद तपकिरी दिसतो. ब्लॅकीचा फिंगरबोर्ड कायम मेपलचा, मधूनमधून घासून काळपट झालेला. 1978 मध्ये गिल्मरने शार्व्हेल कंपनीची मेपल नेक लावली आणि अखेरीस 1957 च्या नमुन्यावर फेंडरने पुन्हा काढलेली, 1983 ची नेक. आजच्या रूपात दोघींचे हेडस्टॉक लहान आणि नेक मेपलची आहे, म्हणून फरक परत पिकगार्डवरच येतो. आणखी एक खूण हेडस्टॉकवर आहे: ब्लॅकीवर सिगारेटचा डाग. क्लॅप्टन पेटती सिगारेट तारेत अडकवून वाजवायचा, तिने लाकूड जळून काळं पडलं. फेंडरने 2006 मध्ये 275 प्रतिकृती काढल्या तेव्हा हा डागसुद्धा हुबेहूब केला.

खरा फरक मात्र मागच्या बाजूला आहे. स्ट्रॅटच्या मागचं प्लास्टिकचं झाकण काढलं की धातूचा ठोकळा आणि त्याला ओढणाऱ्या स्प्रिंगा दिसतात. पुढून तारा ब्रिजला (बॉडीवर तारा जिथे अडकतात तो भाग) हेडस्टॉककडे ओढतात, मागून स्प्रिंगा त्याला तोलतात. क्लॅप्टनने हा तोल बंदच केला. पाचही स्प्रिंगा लावल्या, ब्रिजची पट्टी बॉडीवर टेकली, आणि ठोकळा व पोकळीची शेपटीकडची भिंत यांच्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवला. ब्रिज हलवून सूर डोलवणारा ट्रेमोलोचा दांडा तो वापरतच नव्हता. गिल्मरने दांडा ठेवला, तोही सुमारे सव्वाचार इंचांवर तोडलेला, म्हणजे तो तळहातात राहतो आणि सूर हलवताना उजव्या हाताला पिक सोडावं लागत नाही. स्प्रिंगा तीन.

याचा वाजवण्यावर काय परिणाम होतो ते करून बघा. तरंगत्या, म्हणजे फक्त स्प्रिंगांनी तोललेल्या ब्रिजच्या गिटारीवर दुसरी तार दाबून ठेवा आणि तिसरी तार एक सूर वर खेचा. खेचलेल्या तारेचा ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो, आणि न हललेली दुसरी तार उतरते. दोन तारा एकत्र वाजवत त्यातली एक खेचायची हा ब्लूजमधला नेहमीचा प्रकार म्हणूनच तरंगत्या ब्रिजवर बेसूर लागतो. लाकडाचा तुकडा असेल तर ब्रिज हलत नाही, दुसरी तार जागेवर राहते. शिवाय वाजवताना तार तुटली तर बाकीच्या पाच तारा चढत नाहीत. गिल्मरच्या पद्धतीत हा तोटा आहे, पण त्याबदल्यात लांबलेल्या सुरावरचा तो हलका झोका मिळतो. तो नुसत्या बोटाच्या कंपाने येत नाही.

तुकडा बसवणार असाल तर सागवान किंवा मेपलसारखं घट्ट लाकूड घ्या, पाइन नको. पाइन दबतं आणि दोन महिन्यांत तुकडा खुळखुळतो. आधी स्प्रिंगांचा पंजा स्क्रूने घट्ट करून ब्रिजची पट्टी बॉडीला टेकवा, मग पोकळी मोजा, आणि तुकडा अंतरापेक्षा केसभर जाड ठेवून हाताने दाबून बसवा. हातोडी मारली तर पोकळीच्या कडेला चीर जाते. जागा चुकवू नका. ठोकळ्याच्या नेककडच्या बाजूला तुकडा घातला तर दांडा खाली दाबता येतोच, आणि सगळी मेहनत फुकट जाते.

दुसरी जागा पिकअपची. ब्लॅकीत 1950 च्या दशकातले साधे पिकअप, प्रत्येकी साधारण 6 किलोओहमच्या (वेटोळ्याच्या विद्युत रोधाचं माप) आसपास, आणि तीन जागांचा स्विच. दोन जागांच्या मधोमध स्विच अडकवला की दोन पिकअप एकदम वाजतात आणि तो पोकळ, नाकातला आवाज येतो. पाच जागांचा स्विच फेंडरने 1977 मध्ये आणला. तोवर हे असं अडकवूनच चाले.

ब्लॅक स्ट्रॅटमध्ये ब्रिजचा पिकअप अनेकदा बदलला. 1973 मध्ये काही काळ दोन वेटोळ्यांचा एक हंबकर पिकअपही बसवला होता. पुढे डिमार्झिओ कंपनीचा एफएस-1 पिकअप आला, आणि 1979 मध्ये सेमूर डंकनने जास्त वेटोळ्यांचा करून दिलेला पिकअप. तोच पुढे एसएसएल-5 या नावाने बाजारात आला. तो साधारण 13 किलोओहमचा, म्हणजे साध्या स्ट्रॅट पिकअपच्या दुप्पट. ‘द वॉल’ या अल्बममधल्या ‘कम्फर्टेबली नम्ब’च्या एकलवादनात ब्रिजचा आवाज किंचाळत नाही, भरदार राहतो, त्याला हे एक मोठं कारण आहे. हा पिकअप बसवल्यावर नेहमी होणारी चूक म्हणजे तो बाकीच्या दोघांच्या उंचीला ठेवणं. मग ब्रिजवर गेलं की आवाज एकदम उसळतो. तो खाली उतरवा. बाकीच्यांसाठी फेंडरचं माप धरा: शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली 2.4 मिमी, बारीक तारेखाली 2 मिमी. नेकचा पिकअप याहून जवळ आणला तर चुंबक जाड तारा खेचतो आणि वरच्या फ्रेटवर एका सुरातून दोन सूर लागल्यासारखा डुगडुगता आवाज येतो. लोक मग नेक वाकडी आहे म्हणून कारागिराकडे धावतात, आणि दोष पिकअपच्या उंचीत असतो.

गिल्मरच्या गिटारीवर पिकअप स्विचजवळ एक बारीक टॉगल (चालू-बंद करायचा छोटा स्विच) आहे. तो नेकचा पिकअप कुठल्याही जागी जोडतो. नवे आवाज दोनच मिळतात: नेक व ब्रिज एकत्र, आणि तिन्ही एकत्र. जोडणी सोपी आहे. पाच जागांच्या स्विचवर नेकच्या पिकअपची तार जिथे येते तिथून एक तार टॉगलच्या एका टोकाला, दुसऱ्या टोकापासून एक तार व्हॉल्यूमच्या पॉटच्या (फिरवायच्या बटणाखालचा भाग) आवक टोकाला. पॉटच्या मधल्या टोकाला जोडली तर व्हॉल्यूम कमी केला की दोन्ही पिकअपचा आवाज विचित्र वागतो. पिकगार्डला भोक पाडताना खाली लाकडाची फळी ठेवा, आधी बारीक ड्रिल, मग सव्वासहा मिमी. एकदम मोठं ड्रिल घातलं की प्लास्टिक तडकतं.

तारांबाबत थोडक्यात. गिल्मरच्या नावाच्या जीएचएस कंपनीच्या सेटची मापं (इंचाच्या हजाराव्या भागात) 10, 12, 16, 28, 38, 48. नेहमीचा दहाचा सेट 10, 13, 17, 26, 36, 46. म्हणजे खेचायच्या तारा बारीक आणि खालच्या जाड. अडीच सुरांपर्यंत तार खेचणाऱ्याला हेच हवं.

अँप्लिफायरकडे आलं की दोघांचा संबंधच तुटतो. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅप्टनकडे म्युझिक मॅन एचडी-130 होता आणि पेडल मोजकेच. गिल्मरचा पाया म्हणजे हायवॅट डीआर103, शंभर वॅटचा, स्वच्छ आणि मोठा. फाटणारा आवाज पेडलमधून: आधी फझ फेस, पुढे बिग मफ. आणि प्रतिध्वनीसाठी बिन्सनचा इको. बिग मफ घरच्या छोट्या अँपला लावून गिल्मरचा आवाज मिळत नाही, अशी तक्रार सतत ऐकू येते. कारण साधं आहे: बिग मफ मधले सूर खातो, आणि बरेच छोटे अँपही तेच करतात, मग बँडमध्ये गिटार गायबच होते. अँपचा मिड वाढवा, बेस कमी करा, पेडलचा सस्टेन अर्ध्यावर आणा.

विकत घेणाऱ्यांसाठी एक इशारा. फेंडरची 1988 पासूनची क्लॅप्टन सिग्नेचर स्ट्रॅट (त्याच्या नावाने काढलेली) काळ्या रंगात घेतली तरी ती ब्लॅकी नव्हे. तिच्यात 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, मधले सूर वाढवणारा मिड बूस्ट आहे. ब्लॅकीच्या निवृत्तीनंतर क्लॅप्टन मैफलींत ही सिग्नेचर वाजवताना दिसतो. ब्लॅकीमध्ये असं काहीच नव्हतं. गिल्मरची सिग्नेचर 2008 ची, आणि ती मात्र ब्लॅक स्ट्रॅटच्या जवळ आहे: टॉगल, आखूड दांडा आणि ब्रिजला एसएसएल-5 सगळं त्यात आहे.

ब्लॅकी 24 जून 2004 ला 9,59,500 डॉलरला गिटार सेंटर या दुकानांच्या साखळीने घेतली. पैसे अँटिग्वाच्या क्रॉसरोड्स व्यसनमुक्ती केंद्राला गेले. ब्लॅक स्ट्रॅट 20 जून 2019 ला 39,75,000 डॉलरला जिम अर्से यांच्याकडे गेली, पैसे पर्यावरणासाठी लढणाऱ्या क्लायंटअर्थला.

शेवटी गाण्यांबाबत, कारण इथेच लोक सर्वाधिक चुकतात. क्लॅप्टनचं ‘लैला’ ब्लॅकीवर नाही. तेव्हा ब्लॅकी रंगमंचावर आलीच नव्हती. त्यात आहे ती ‘ब्राउनी’ नावाची 1956 ची सनबर्स्ट स्ट्रॅट आणि छोटा फेंडर चँप अँप. तसंच ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागातलं गिल्मरचं एकलवादन ब्लॅक स्ट्रॅटवर नाही, पी-90 पिकअप लावलेल्या सोनेरी गिब्सन लेस पॉलवर आहे. ते वाजवायचं असेल तर काळी गिटार खाली ठेवा.