घरी आंबवलेली वाइन जंतुनाशक म्हणून चालते का?

‘घरी वाइन करण्याचे साहित्य असेल, तर अडीनडीला जंतुनाशक विकत आणायला नको, आंबवलेला रस हातांना चोळावा, जखमेवर ओतावा,’ असा संदेश बऱ्याच काळापासून फिरतो आहे. अल्कोहोलने जंतू मरतात हे खरे असल्यामुळे तो सहज पटतो, परंतु प्रश्न प्रमाणाचा आहे.

हातांच्या जंतुनाशकात किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल तयार करते, मात्र ते १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट त्यातच तग धरू शकत नाही, आणि म्हणून बरणी आणखी महिनाभर ठेवली तरी आकडा फारसा हलत नाही. जखमेवर तर ही वाइन मुळीच ओतू नये. तिथे स्वच्छ वाहते पाणी आणि साबण बरा.

वाइनमधील अल्कोहोलच्या प्रमाणाची पडताळणी हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने, घरीच होते. आंबवण्यापूर्वी रसाची पाण्याच्या तुलनेतील घनता १.०९० आणि नंतर १.००० आली, तर फरकाला १३१ ने गुणावे. उत्तर सुमारे १२ टक्के येते. हीच वाइन घरी उकळून अल्कोहोल वेगळे काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्याची वाफ पेट घेते आणि विनापरवाना ऊर्ध्वपातन हा गुन्हा आहे.

वाइन करण्याच्या साहित्याचा अडीनडीला खरा उपयोग पाणी साठवण्यासाठी आहे. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची, ओरखडे नसलेली, झाकणाची आंबवण्याची बादली नीट धुऊन तीत उकळून गार केलेले पाणी भरावे. तळाशी तोटी असल्यास पाण्यात हात किंवा भांडे बुडवावे लागत नाही.