रोजगार हमी : विसापूरचा प्रयोग आणि वि. स. पागे

ग्रामीण भागातील जी प्रौढ व्यक्ती अंगमेहनतीचे काम मागेल तिला ते देण्याचे शासनावरील कायदेशीर बंधन म्हणजे रोजगार हमी. कागदोपत्री 'रोहयो', बोलताना 'हमीचे काम', आणि १९७२ पाहिलेल्या पिढीच्या तोंडी अजूनही 'दुष्काळी काम'. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात या विचाराची पहिली चाचणी झाली, पुढे महाराष्ट्राने त्याचा कायदा केला आणि २००५ साली संसदेने तो देशासाठी स्वीकारला. या साऱ्यामागची मूळ कल्पना विठ्ठल सखाराम पागे (१९१०–१९९०) यांची. गांधीविचाराचे कार्यकर्ते आणि संतसाहित्याचे अभ्यासक असलेले पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते.

पागे यांच्या तरुणपणी तासगावचा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची सीमा बदलली, पाऊसमान बदलले नाही. कृष्णाकाठी ऊस, पूर्वेला खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत आणि साताऱ्याकडचे माण, खटाव हा पर्जन्यछायेचा पट्टा. सुगी उरकली की इथल्या भूमिहीनाच्या हाताला काम नसे. एक वर्ष पाऊस हुकला तर दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याचीही तीच गत होई. मग मुंबईच्या गिरण्या, नाहीतर ऊसतोड. दुष्काळ जाहीर झाला तर सरकार कामे काढी, पण ती सरकारची मर्जी होती. पागे यांनी नेमके हे 'मर्जी' खोडून तिथे 'हक्क' लिहिले.

त्यांचे गणित साधे होते. गावात बांधबंदिस्ती, पाझर तलाव, विहिरी, रस्ते अशी न संपणारी कामे पडून आहेत आणि त्याच गावात रिकामे हातही आहेत. दोहोंची गाठ घालून द्यायला पैसा लागतो. तो खर्चही वाया जात नाही, कारण त्यातून जमिनीत पाणी मुरते. १९६५ मध्ये विसापूर आणि आसपासच्या गावांत एकात्मिक क्षेत्र विकास योजना म्हणून याचा प्रयोग झाला. पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे या कल्पनेचा पाठपुरावा केला आणि १९७२ साली राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली. लगेच मोठा दुष्काळ उभा राहिला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. एवढ्या माणसांना रोज काम आणि मजुरी देता येते, हे प्रशासनाला त्या वर्षी स्वतःच्या अनुभवाने कळले. दुष्काळ ओसरल्यावर योजना नीट मार्गी लागली.

पैशाची तजवीज हा या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर बसवला आणि तो रोजगार हमीसाठी राखून ठेवला. सिंचित शेतीवरील कर आणि इतर काही अधिभारही त्यात आले, शिवाय जमलेल्या रकमेइतकीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते. ती कशासाठी कापली जाते हे बहुतेकांना ठाऊक नसते. जतच्या माळावर पाटी उचलणाऱ्या बाईच्या मजुरीशी त्या ओळीचे नाते आहे. शहराने खेड्याच्या रोजगाराचा भार उचलावा हे तत्त्व इतक्या उघडपणे आपल्या करव्यवस्थेत दुसरीकडे क्वचितच सापडेल. हा निधी पुढे अनेक वर्षे पुरता खर्च न होता पडून राहिला ही टीकाही खरी आहे, आणि ती होत राहिली पाहिजे.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा. तो विधिमंडळात आला तेव्हा मुख्यमंत्री होते सांगलीचेच वसंतदादा पाटील आणि वरच्या सभागृहाच्या खुर्चीवर पागे. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन मागता न येणारा. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे रूप दिले : अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. सुरुवातीला हा भत्ता दिवसाला अवघा एक रुपया होता. तरी त्या रुपयाने चूक कोणाची हे ठरत होते.

प्रतिनिधित्वाच्या अंगानेही याकडे पाहायला हवे. विधान परिषदेत शिक्षकांचे, पदवीधरांचे, स्थानिक स्वराज्य संस्थांचे मतदारसंघ असतात. भूमिहीन मजुरांचा असा मतदारसंघ कुठेच नाही. त्यात सभापतीने पक्षीय वादात उतरायचे नसते, एरवी मतदानही करायचे नसते. अशा खुर्चीवरच्या माणसाने ज्यांना सभागृहात जागा नाही त्यांच्या हाती मागणीचा अर्ज दिला, ज्याला शासनाने उत्तर दिलेच पाहिजे. पागे यांचे हे काम मला कोणत्याही गाजलेल्या भाषणापेक्षा मोठे वाटते.

प्रत्यक्ष कामावर हक्काचा हिशोब मातीत होतो. सकाळी हजेरीपत्रकावर नावे चढतात. पुरुष टिकावाने खणतात, बाया पाट्या वाहतात. खणलेल्या खड्ड्यात मधेच एखादा मातीचा उंचवटा मुद्दाम राखून ठेवतात, मूळ जमीन किती उंच होती ते कळावे म्हणून. आठवड्याने मोजमाप होते तेव्हा टेप त्या उंचवट्याला लागतो आणि मजुरी तेवढ्यावर ठरते. मुरूम लागला की घाम तोच, पण खोली कमी भरते. म्हणून मऊ आणि कठीण जमिनीचे दर वेगळे. दर कामाचा, बाई-पुरुषाचा नव्हे. जिथे शेतमजुरीत बाईला सर्रास कमी हजेरी मिळे, तिथे ही गोष्ट लहान नव्हती.

योजनेला खरा आकार दिला तो तिच्यावर राबणाऱ्यांनी. १९८० च्या दशकात गिरणी संपानंतर गावी परतलेले कामगार आणि खानापूर तालुक्यातील शेतकरी 'मुक्ती संघर्ष' चळवळीत एकत्र आले. वर्षानुवर्षे खडी फोडून दुष्काळ हटत नाही, पाणी अडवणारी कामे द्या, ही त्यांची मागणी होती. येरळा नदीवर बलवडी-तांदुळवाडी येथे लोकांनी उभारलेले बळीराजा स्मृती धरण याच मंथनातून आले. १९९० पासून फळबाग लागवडही हमीशी जोडली गेली. आटपाडी, माणकडे डाळिंबाच्या बागा वाढल्या त्यात तिचा वाटा आहे. दुसऱ्या बाजूला, १९८८ मध्ये मजुरीचे दर जवळपास दुप्पट झाले आणि त्यानंतर कामे काढण्यात यंत्रणेचा हात आखडला. खोट्या हजेऱ्या, रखडलेली मजुरी ही दुखणी तर पहिल्यापासूनची.

केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये मंजूर झाला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत सुरू झाला. त्यावेळच्या देशव्यापी चर्चेत महाराष्ट्राचा अनुभव हाच मुख्य दाखला होता. मात्र एक फरक विसरता येत नाही. केंद्राने वर्षाला शंभर दिवस दिले आणि तेही कुटुंबाला. महाराष्ट्राच्या कायद्यात हक्क व्यक्तीचा होता आणि दिवसांना मर्यादा नव्हती. घरातल्या सुनेने स्वतःच्या नावावर काम मागणे आणि कुटुंबाच्या शंभर दिवसांतला आपला वाटा मागणे यांत मोठे अंतर आहे. केंद्रीय कायद्याने राज्यांना स्वतःचे कायदे चालू ठेवण्याची मुभा दिली होती. त्यामुळे महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा दुरुस्त करून राखला आणि शंभर दिवसांपुढचा खर्च स्वतःकडे घेतला.

आजही सगळे अडते ते पोचपावतीवर. अर्जाची तारीख टाकलेली पोच हातात असेल तर पंधरा दिवस मोजता येतात आणि भत्ता मागता येतो. नसेल तर काम कधी मागितलेच नाही असे ठरते. म्हणून जाणत्या बाया ग्रामपंचायतीत एकेकट्या जात नाहीत. दहा-पंधरा जणी मिळून जातात आणि शिक्का उमटेपर्यंत ओट्यावरून हलत नाहीत.