तैलरंग वाळतो म्हणजे नेमके काय होते?

ओला कॅनव्हास पंख्याखाली ठेवला की चित्र लवकर वाळते, असा समज चित्रकलेच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. जलरंगाबाबत तो बरोबर आहे, कारण त्यातले पाणी उडून जाते. तैलरंगात मात्र, पातळ करण्यासाठी घातलेले टर्पेंटाइन सोडले, तर उडून जाण्यासारखे फारसे काही नसतेच. उलट ज्यात रंगद्रव्य कालवलेले असते त्या जवसाच्या तेलाचे वजन वाळताना काही काळ वाढते, कारण ते हवेतला ऑक्सिजन शोषून घेते.

या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि त्याच्या कार्बन-साखळीत तीन दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तो सुटला की तिथे मुक्तमूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, चटकन अभिक्रिया करणारा रेणू) तयार होते, त्याला ऑक्सिजनचा रेणू जोडला जाऊन पेरॉक्सी मूलक बनते आणि ते शेजारच्या साखळीतला हायड्रोजन ओढून तिलाही मुक्तमूलक करून सोडते. यातून बनलेली हायड्रोपेरॉक्साइडे फुटून आणखी मूलके देतात, साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि द्रव तेलाचे रंगद्रव्याचे कण धरून ठेवणारे त्रिमितीय जाळे होते. खोबरेल तेलातील सुमारे 90 टक्के मेदाम्ले संतृप्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेली, असल्याने त्यात कालवलेला रंग वर्षानेही बोटाला लागेल.

ही अभिक्रिया उष्णता सोडते. पातळ थरातून ती निघून जाते, पण तेलाने भिजलेल्या चिंध्यांच्या ढिगात साठत राहते. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला 1991 मध्ये लागलेली आग अशाच चिंध्यांतून सुरू झाली. (दोरीवरची साडी आपोआप पेटली म्हणून भानामतीची हाकाटी करणाऱ्यांनी याचा आधार घेऊ नये. त्या साडीत ना जवसाचे तेल असते, ना उष्णता कोंडणारा ढीग. तिथे काडी ओढणारा हात शोधावा.)

चित्रकाराच्या कामाचा क्रमही याच रसायनाने ठरतो. वाळत्या तेलात तयार होणारी आम्ले कापडातील सेल्युलोज ठिसूळ करतात, म्हणून कॅनव्हासला आधी सरस आणि अस्तर द्यावे लागते. गंमत अशी की लिननचा कॅनव्हास आणि हे तेल एकाच वनस्पतीपासून मिळतात. पहिली मांडणी अंबर (umber) या तपकिरी मातीच्या रंगाने करण्याची जुनी पद्धत सोयीची ठरते, कारण त्यातील मँगॅनीज अभिक्रियेचा वेग वाढवते, तर काजळीचा काळा रंग फार सावकाश घट्ट होतो. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा अधिक तेलाचा ठेवतात. वरचा आधी कडक झाला आणि खालचा हलत राहिला, तर तडे जातात. बोटाला कोरडे लागणारे चित्रही आतून बदलत असते, त्यामुळे वार्निश लावण्यापूर्वी परंपरेने सहा महिने ते वर्षभर थांबतात.